वसंतातील वनस्पतिदर्शन : वैद्याचे विसरलेले कर्तव्य

फाल्गुन लागला की आपणां सर्वांच्या चिकित्सालयांत वासंतिक वमनाची लगबग सुरू होते. स्नेहपानाच्या मात्रा ठरतात, रुग्णांच्या याद्या होतात, मदनफळ आणि ज्येष्ठमध यांची तजवीज होते. हेमंत-शिशिरात साचलेला कफ वसंतातील सूर्यकिरणांनी पातळ होऊन अग्नीला बाधा आणतो, म्हणून त्याचे शोधन करावे, हा ऋतुचर्येतील उपदेश आपण निष्ठेने पाळतो. परंतु त्याच ऋतुचर्येतील आणखी एका उपदेशाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. दक्षिणेच्या वाऱ्याने शीतल झालेल्या, जवळ पाणी असलेल्या, नाना फुलांनी बहरलेल्या वनांत मित्रांसमवेत संभाषण करीत वसंतातील मध्याह्न घालवावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. चरकाचार्यांनीही वसंतात वनांचे तारुण्य अनुभवावे, असे म्हटले आहे. हा उपदेश आपण रुग्णास क्वचित सांगतो आणि स्वतः तर पाळतच नाही. सामान्य जनांसाठी तो विहाराचा भाग असेल. वैद्यासाठी व औषधिनिर्मात्यासाठी मात्र तो द्रव्यपरिचयाचा काळ आहे, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

आमचा व्यवसाय भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सिहोरा येथे आहे. भोवती धानाच्या बांध्या, मधूनमधून बोड्या आणि तलाव, आणि पलीकडे झाडीने वेढलेल्या टेकड्या, असा हा परिसर. जवळच चांदपूरचा जलाशय व हनुमंताचे देवस्थान आहे. पर्यटक या स्थळास ‘ग्रीन व्हॅली’ म्हणून ओळखतात. दर्शनासाठी, सहलीसाठी, पाहुण्यांना फिरवून आणण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षे येथे जात होतो. पळस फुललेला दिसला की ‘वा’ म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे, एवढाच काय तो वसंताशी संबंध. ज्या द्रव्यांची नावे आपण चिठ्ठीवर दिवसातून अनेकदा लिहितो, त्यांपैकी कितीतरी या वाटेवर उभी आहेत, हे कधी मनात आले नाही. ते यावयास एक प्रसंग कारणीभूत झाला. त्यात चूक आमची होती, म्हणून तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. परिसरातील एका खेड्यातील वृद्ध बाई जुन्या प्रवाहिकेसाठी आमच्याकडे येत असत. विकार अधूनमधून उसळी घेई. कुटजाचा काढा, ताक व लघु आहार यांनी आठ-दहा दिवसांत आराम पडे. त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही कुड्याच्या सालीचे नवे पोते घेतले. रान फिरून माल आणणारा एक माणूस अनेक वर्षांपासून आम्हांस जडीबुटी पुरवीत असे. त्याच्याकडे ‘कुडा’ मागितला, त्याने कुडा आणून दिला. साल वाळलेली, स्वच्छ, बुरशीविरहित होती. आम्ही ती कुटून डब्यात भरली.

हिवाळ्यात बाईंना पुन्हा त्रास सुरू झाला. काढा दिला. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “यंदाचा काढा बरा आहे जी डाक्टरसाहेब, तेवढा कडू लागत नाही.” आम्ही ते कौतुक समजून हसलो. त्या वाक्यात निदान होते, पण ते आमच्या कानी पडूनही आम्हांस कळले नाही. आठवडा झाला तरी उतार नाही. उलट रक्त वाढले, अशक्तपणा वाढला आणि अखेर त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात हलवावे लागले. ईश्वरकृपेने त्या बऱ्या होऊन परतल्या. त्यांच्या मुलाने आम्हांस विचारले, “औषध तेच होतं ना, डॉक्टर?” आम्ही ‘होय’ म्हणालो.

पुढच्या चैत्राच्या अखेरीस पाहुण्यांसह आम्ही चांदपूरला गेलो असता पाळेपलीकडच्या पायवाटेवर एक झुडूपवजा झाड पांढऱ्या फुलांनी भरलेले दिसले. पाहुण्यांना आपले ज्ञान दाखवावे म्हणून आम्ही म्हणालो, “हा कुटज.” जवळच गुरे घेऊन बसलेला एक म्हातारा गुराखी ते ऐकून म्हणाला, “साहेब, हा त गोड कुडा जी. कडू कुडा वर पहाडीत राहाते.” मग त्याने स्वतः उठून आम्हांस वर नेले आणि दुसरे झाड दाखविले. दोन्ही झाडांच्या सालीचा तुकडा त्याने आमच्या हातावर ठेवला. पहिला चावून पाहिला, जेमतेम कडवट. दुसऱ्याने जीभ आखडली. घरी येऊन डब्यातील साल तोंडात घातली, तेव्हा ती कोणत्या झाडाची होती हे सांगावयास कोणाची गरज उरली नाही.

रोग बळावण्याची कारणे अनेक असू शकतात, हे आम्ही जाणतो. योग्य साल दिली असती तर बाईंना रुग्णालयात जावेच लागले नसते, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु ‘औषध तेच होते’ हे आमचे उत्तर खोटे होते आणि ते खोटे आहे हे आम्हांस ठाऊकही नव्हते. वैद्यास याहून लाजिरवाणे काय असेल? माल पुरविणाऱ्यानेही फसविले नव्हते. आमच्याकडे दोन्ही झाडांना कुडाच म्हणतात. त्याने जवळचे झाड सोलले. आम्ही न चाखता घेतले.

आता या दोन कुड्यांविषयी थोडे विस्ताराने. औषधास घ्यावयाचा तो पांढरा किंवा कडू कुडा, आधुनिक नाव होलॅऱ्हीना. दुसरा तो काळा किंवा गोड कुडा, म्हणजे राईटिया टिंक्टोरिया. दोघांनाही दुधासारखा चीक, दोघांची पाने समोरासमोर, दोघांची फुले पांढरी आणि दोघेही वसंताच्या उत्तरार्धात फुलतात. पहिल्याचे पान मोठे व रुंद. दुसऱ्याचे त्यामानाने अरुंद व टोकदार. पहिल्याची साल खडबडीत, तिचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्याची बरीच गुळगुळीत. खरी खूण फुलात आहे. पांढऱ्या कुड्याच्या फुलाचा घसा मोकळा असतो. काळ्या कुड्याच्या फुलात घशाशी झालरीसारख्या बारीक पाकळ्यांचे कडे असते. पुढे शेंगा धरल्यावर पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याच्या शेंगा बराच काळ टोकाशी जुळलेल्या राहतात. बिया म्हणजे इंद्रजव. पहिल्याचे कडू, दुसऱ्याचे गोडसर. काळ्या कुड्याच्या पानांपासून निळा रंग काढीत असत आणि त्याच्या मऊ पांढऱ्या लाकडाची खेळणी कर्नाटकातील चन्नपट्टण येथे आजही होतात. म्हणजे तेही झाड गुणी आहे. परंतु कुटजारिष्टात अभिप्रेत आहे ते पहिले.

ही अडचण आजची नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सककल्प सांगताना आचार्यांनी कुटजाचे पुरुष व स्त्री असे दोन भेद केले आहेत आणि ते फुलांच्या रंगावरून, फळांच्या आकारावरून व पानांवरून ओळखावयास सांगितले आहेत. हे भेद म्हणजे आजच्या नेमक्या कोणत्या वनस्पती, याविषयी विद्वानांत मतभिन्नता आहे. त्यात येथे शिरत नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की आचार्यांनी ओळखीसाठी फूल व फळ प्रमाण मानले. त्याच संहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात, औषधींची नावे व रूपे रानात वावरणारे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, असे म्हटले आहे. आणि नुसते नाव-रूप जाणल्याने भागत नाही, त्यांचा योग जाणणारा तो तत्त्वविद, असेही सांगितले आहे. आम्ही विद्यार्थिदशेत या वचनाचा अर्थ ‘गुराख्यापेक्षा वैद्य श्रेष्ठ’ एवढाच घेतला होता. चांदपूरच्या त्या दुपारी त्याचा दुसरा अर्थ कळला. योग जाणणाऱ्याने नाव-रूप जाणलेलेच आहे, असे आचार्य गृहीत धरतात. आपण तीच पायरी गाळून वर चढलो आहोत.

आपल्या पिढीच्या बी.ए.एम.एस. अभ्यासक्रमात द्रव्यगुणाच्या सहली होत्या, वाळविलेल्या वनस्पतींची वही होती. परंतु सहल महाविद्यालयाच्या सोयीने निघे, वनस्पतीच्या सोयीने नव्हे. जी वनस्पती त्या दिवशी फुलली नसेल, तिची पाने चिकटवून आपण वही पूर्ण केली. पुढे व्यवसायात तर द्रव्य भेटते ते पोत्यात, पुडीत किंवा बाटलीत. साल, मूळ, चूर्ण, घन या रूपांत झाडाची ओळख पुसली जाते. आणि येथेच ऋतूंचा एक पेच आहे. कल्पस्थानाच्या प्रारंभी संग्रहकाल सांगितला आहे : कोवळ्या फांद्या व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, सार हेमंतात, फुले व फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत. म्हणजे कुड्याची साल घ्यावयाची शरदात आणि त्याचे फूल दिसते वसंतात. साल सोलणाऱ्यासमोर त्या वेळी फूल नसते. ज्याने फूल पाहिले तो साल सोलावयास जात नाही. या दोन ऋतूंना जोडणारा दुवा म्हणजे वैद्याची वा औषधिनिर्मात्याची वसंतातील फेरी. वसंतात फूल पाहून झाडावर खूण करावी, शरदात त्याच झाडाची साल घ्यावी. या लेखात सांगावयाची मुख्य गोष्ट एवढीच आहे.

त्या वर्षापासून आम्ही माघाच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत पंधरवड्यातून एक रविवार चांदपूर व आसपासच्या रानात घालवितो. सुश्रुताचार्यांनी वसंताचे महिने एका क्रमात चैत्र-वैशाख आणि दुसऱ्या क्रमात फाल्गुन-चैत्र असे दिले आहेत. पुस्तकात हा विरोध वाटतो. रानात दोन्ही खरे असल्याचे दिसते. काही झाडांचा वसंत फाल्गुनात, तर काहींचा वैशाखात येतो.

फाल्गुनात सर्वांआधी पळस व काटेसावर. पळसाखालून जाताना औषधिनिर्मात्याने फुलांबरोबर पुढच्या शेंगांचाही विचार करावा. पलाशबीज कृमिघ्न म्हणून आपण वापरतो. त्याच्या शेंगा वैशाख-ज्येष्ठात पिकून गळतात. पाऊस लागण्यापूर्वी ते गोळा न झाल्यास ओल व कीड धरते. बाजारात भोके पडलेले बीज मिळते त्याचे हे एक कारण. काटेसावरीचा निर्यास तो मोचरस. तोही अतिसारात कामी येतो. याच सुमारास कुसुंबाची तांबूस कोवळी पालवी फुटते. दुरून तिला फुले समजून फसणारे अनेक आहेत. आम्हीही फसलो आहोत. धान कापून झालेल्या बांध्यांत गोरखमुंडीची जांभळी गोंड्यांसारखी फुले येतात. तिचा उग्र सुगंध एकदा हाताला लागला की पुढे पोत्यातील मुंडी जुनी की ताजी, हे नाक सांगते.

नाल्याच्या काठी व खडकाळ उतारावर धायटी फुललेली असते. आसवारिष्टे करणाऱ्यांनी ही आवर्जून पाहावी. धायटीचे लाल दिसते ते पुष्पकोश. तो टिकाऊ असल्याने फूल वाळले तरी आकार राहतो आणि दोन-तीन वर्षांचा मालही नवा म्हणून खपतो. परंतु संधानास चालना मिळते ती फुलातील मधुरस व त्यावर वाढणाऱ्या यीस्टमुळे. ताज्या वाळविलेल्या फुलाचा तांबडा रंग डोळ्यांत भरलेला असेल, तर काळपट फूल घेताना हात आपोआप थांबेल. धायटी व धावडा यांचा नावाच्या साम्यामुळे घोटाळा होतो, तोही दोन्ही झाडे एकदा शेजारी पाहिली की कायमचा मिटतो. एक झुडूप, दुसरा उंच वृक्ष; एकाचे फूल हवे, दुसऱ्याचा डिंक.

चैत्रात रस्त्याच्या कडेला पिवळा धोत्रा सर्वत्र दिसतो. पिवळा चीक असल्याने त्यास स्वर्णक्षीरी म्हणून वापरण्याची चूक आजही होते. ही वनस्पती मूळची मेक्सिकोकडची. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेस पोहोचल्यानंतरच ती आपल्याकडे आली. संहिताकारांची स्वर्णक्षीरी ती नव्हे, हे यावरून उघड आहे. तिच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोथाची साथ येऊन अनेकांचे प्राण गेले. इतके ठाऊक असलेल्या वैद्याच्या दुकानात ती स्वर्णक्षीरी म्हणून ठेवलेली नसावी.

चैत्र संपताना कुडे फुलतात आणि वैशाखात बहावा. बहाव्यावर एकाच वेळी नवी पिवळी फुले व मागील वर्षाच्या काळ्या शेंगा लोंबताना दिसतात, कारण शेंग पिकावयास जवळजवळ वर्ष लागते. आरग्वधाचा पक्व शेंगांचा मगज हवा असतो. चरकाचार्यांनी त्या शेंगा सात दिवस वाळूत ठेवून मग उन्हात वाळवावयास सांगितल्या आहेत. हिरवट शेंगा तोडून आणणाऱ्यास हे सांगितले पाहिजे. पण सांगणाऱ्याने आधी शेंग झाडावर पाहिलेली असावी. मदनफळाचा संग्रहकालही वसंत व ग्रीष्म यांच्या मध्ये सांगितला आहे. म्हणजे ज्या महिन्यांत आपण वमनाच्या गडबडीत असतो, त्याच महिन्यांत पुढील वर्षाच्या वमनाचे द्रव्य रानात पिकत असते आणि ते पाहावयास कोणी जात नाही.

आता गुळवेलीचा विषय. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा झाला. २०२१ साली मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीशी जोडणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती याची खातरजमा झालेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्यावर घेतला. आक्षेप योग्य होता. परंतु तोच प्रश्न उलट आपणांस विचारला तर? आपण दिलेली गुळवेल तीच होती, हे आपल्यापैकी किती जण छातीवर हात ठेवून सांगू शकतील? वसंतात गुळवेलीची पाने झडलेली असतात आणि उघड्या वेलीवर बारीक हिरवट-पिवळ्या फुलांचे तुरे येतात. नर व मादी वेल वेगवेगळी असते. हृदयाकृती पानांवर विसंबणाऱ्याला या दिवसांत गुळवेल दिसतच नाही. तिची खरपुडी साल, लोंबणारी हवाई मुळे व फुले ओळखणाऱ्याला ती चटकन दिसते. पद्मगुडूची म्हणविणारी लवदार जात तिच्याहून वेगळी आहे. विज्ञानजगाकडे आपण ओळखीचा पुरावा मागतो, तेव्हा तो आपल्याही दप्तरात असला पाहिजे.

या सूचनेवर काही आक्षेप येतील याची आम्हांस कल्पना आहे. पहिला असा की, आता प्रयोगशाळा आहेत, शेड्यूल टी आहे, औषधिकोशातील मानके आहेत; रानात कशास जावे? प्रयोगशाळेबद्दल आम्हांस आदर आहे. कुटजातील कोनेसीनसारखी अल्कलॉइडे तेथे तपासता येतात आणि मोठ्या फार्मसीने ती तपासलीच पाहिजेत. पण प्रयोगशाळा फार तर पोते परत पाठवील. सोललेले झाड ती परत उभे करणार नाही. शिवाय आपल्या शाखेतील बहुतेक वैद्य दहा-वीस किलो माल घेणारे आहेत. दर पोत्याची तपासणी त्यांना परवडत नाही. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे डोळे, नाक आणि जीभ. आणि या इंद्रियांना शिकविणारी शाळा म्हणजे रान.

दुसरा आक्षेप तरुण मित्रांचा. मोबाईलवर छायाचित्र काढले की नाव कळते. आम्हीही हे साधन वापरतो आणि फूल समोर असेल तर ते पुष्कळदा बरोबर सांगते. पण नुसत्या सालीचे किंवा निष्पर्ण फांदीचे छायाचित्र दिले तर उत्तर भलतेच येऊ शकते. चव, वास, चिकाचा स्पर्श हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तरी उपयोग अवश्य करावा, फक्त त्यास गुरू मानू नये.

तिसरा आक्षेप वेळेचा. सकाळ-संध्याकाळ रुग्ण, मध्ये दुकानदारी, वेळ कोठून काढावा? त्यास उत्तर एवढेच की माघाअखेर ते वैशाख या काळात सहा रविवार पुरतात. एका चुकीच्या पोत्यापायी रुग्णाचा विश्वास गेला तर तो परत मिळविण्यास याहून कितीतरी अधिक रविवार लागतात.

ज्या रानावर हे सारे अवलंबून आहे, त्याविषयीही लिहिणे भाग आहे. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची रीत आपल्या जिल्ह्यांत जुनी आहे. ती आग पुष्कळदा झाडाखालीच थांबत नाही. तिच्यात जमिनीलगतची रानफुले, नुकती रुजलेली रोपे, पडलेले बी जळून जाते. जुने वृक्ष टिकतात, पण त्यांच्यामागे येणारी पिढी नाहीशी होते. फुले वेचणाऱ्या गरीब कुटुंबास दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य केला आहे आणि त्यांचे वर्षाचे मीठ-मिरची त्यावर चालते. पण आपण ग्राहक आहोत. झाडाखाली जाळे किंवा जुनी लुगडी अंथरून वेचलेली, राखेचा व मातीचा कण नसलेली फुले आम्ही दोन पैसे अधिक देऊन घेऊ, असे औषधिनिर्मात्यांनी म्हटले तर त्याचा परिणाम होईल. सालीचेही तसेच. अर्जुनाची साल बुंध्याभोवती गोल काढली की झाड मेलेच. एका बाजूची, उभ्या पट्टीत, तीही शरदात घेतली तर झाड जखम भरून काढते. जो माल स्वस्तात स्वस्त देईल त्याच्याकडून घ्यावयाचा, ही आपली खरेदीची पद्धतच झाडाला गोल सोलावयास लावते, हे आपण मान्य केले पाहिजे.

यास्तव संघटनेच्या सर्व शाखांपुढे आम्ही काही नम्र सूचना ठेवीत आहोत.

१. प्रत्येक शाखेने दरवर्षी माघाअखेर ते वैशाख या काळात आपल्या नेहमीच्या ओळखीच्या एकाच स्थळी किमान तीन वनस्पतिफेऱ्या काढाव्यात. स्थळ दरवर्षी बदलू नये. तेच झाड निष्पर्ण, सपुष्प व सफळ अशा तिन्ही अवस्थांत दिसले तरच ते कळते.

२. फेरीत वैद्यांइतकेच औषधिनिर्माते व काष्ठौषधींचे दुकानदार असावेत, आणि माल आणून देणाऱ्या रानातील माणसांस मानाने बोलावून त्यांचा रोज द्यावा. तेथे शिकविणारे ते आहेत.

३. काही उपटू नये, तोडू नये. छायाचित्र, स्थळ, तिथी व स्थानिक नाव यांची नोंद करावी. राखीव वनात जावयाचे असल्यास वनविभागाची पूर्वपरवानगी घ्यावी.

४. ज्यांत घोटाळा होतो अशी द्रव्ये आधी घ्यावीत. आमच्या भागापुरते बोलावयाचे तर कुटज, गुडूची, शंखपुष्पी, पर्पट आणि ब्राह्मी-मंडूकपर्णी.

५. ओळख पटलेल्या झाडांची यादी शाखेच्या दप्तरी ठेवावी व शरदातील मागणी नोंदविताना केवळ ‘कुडा’ असे न लिहिता ‘कडू कुडा, अमुक ठिकाणचा’ असे लिहावे.

यासाठी निधी नको, समिती नको, अध्यक्षीय भाषणही नको. पाण्याची बाटली, टोपी आणि सोबतीला दोन मित्र असले की पुरे. वाग्भटाचार्यांच्या उपदेशाप्रमाणे त्यात विहारही साधतो. आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या वैद्यांना वसंतात चालण्याची गरज रुग्णांहून कमी नाही.

राहता राहिली ती वृद्ध बाईंची गोष्ट. खरा प्रकार समजल्यावर आम्ही त्यांच्या घरी जाऊन साल चुकली होती हे सांगितले. मुलगा काही वेळ गप्प राहिला, बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगतलं, बरं केलं.” पुढील शरदात आम्ही स्वतः टेकडीवर जाऊन, वैशाखात चुन्याची खूण केलेल्या तीन झाडांची साल थोडी थोडी आमच्या समोर काढवून आणली. त्या हिवाळ्यात बाईंना पुन्हा काढा दिला. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वेडेवाकडे केले आणि म्हणाल्या, “हा त लयच कडू आहे जी, डाक्टरसाहेब.”

ती तक्रार ऐकून आम्हांस फार बरे वाटले.